बालशिक्षणव्रती ताराबाई मोडक

चैत्राची पालवी फुटू लागली की आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावोगावच्या शाळांत वर्ष संपत आल्याची चाहूल लागते. मोठ्या वर्गांतील विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासात गढून गेलेले असतात, आणि शिशुवर्गाच्या खोलीत मात्र निराळीच धांदल चाललेली असते. दारावर रंगीत कागदांची तोरणे लागतात. वर्षभरात मुलांनी काढलेली चित्रे, मातीची फळे व मण्यांच्या माळा मेजावर मांडल्या जातात. कोणी ससा होतो, कोणी वारकरी होतो, तर कोणी आपले बडबडगीत अर्ध्यावर विसरून समोर बसलेल्या आईकडे टकमक पाहत राहतो. समारंभ आटोपला, खाऊ वाटून झाला, की पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मूल वर्षभर शाळेत गेले खरे, पण ते शिकले काय? अक्षरे किती आली, अंक किती आले, शेजारच्या मुलाहून आपले मूल पुढे आहे की मागे?

हा प्रश्न विचारण्यात वावगे काहीच नाही. परंतु त्याचे उत्तर कोणत्या मापाने द्यावयाचे हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण म्हणजे काय, ते कशाने पारखावे व ते कोणाकोणाच्या मुलांस मिळावे, या तीन प्रश्नांना ज्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी व त्यांच्या मातापित्यांनी वाचण्याजोगे आहे.

इतक्या लहान मुलांसाठी निराळी शाळा असावी, ही कल्पना जगातही फार जुनी नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकाने १८३७ साली ब्लँकेनबुर्ग या गावी शिशूंसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मूल हे रोपटे आणि शिक्षक हा माळी, हे त्या नावातले मर्म होते. प्रशियाच्या सरकारला ही निरुपद्रवी बागही धोक्याची वाटली व १८५१ साली त्याने तिच्यावर बंदी घातली. पुढल्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. बंदी उठावयास १८६० साल उजाडावे लागले. त्यानंतर १९०७ साली रोम शहरातील एका दरिद्री वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टर विदुषीने आपले पहिले बालगृह उघडले व मुलांच्या हातांना काम देऊन त्यांच्या बुद्धीला जाग आणता येते, हे जगाला दाखविले. आपल्या देशात मिशनच्या काही शाळांतून फ्रोबेलची पद्धत एकोणिसाव्या शतकातच येऊन पोहोचली होती. तथापि सामान्य घरातील मुलाच्या वाट्यास येणारी शाळा म्हणजे घोकंपट्टी, दरारा आणि वेताची छडी हीच होती. लहान मुलाला स्वतःचे काही मन असते, हेच मुळी कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी मंडळींपैकी होते. मुलीला शिकवू नये, असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाईंना उच्च शिक्षणाची वाट मोकळी मिळाली ती या संस्कारामुळेच. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बाहेरून पाहता सर्व काही सुखाचे दिसत होते, परंतु हा संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी, मागे कोणाचा आधार नाही आणि समाजाची नजर कठोर, अशा स्थितीत ताराबाईंना एकटीने उभे राहावे लागले. दुसरी एखादी स्त्री अशा वेळी खचून गेली असती. ताराबाईंनी आपल्या विद्येचा आश्रय घेतला.

त्यांना राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळाले. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री होत. पगार चांगला होता, मानमरातब होता, पुढील आयुष्य निर्वेध जावे अशी सारी तजवीज झालेली होती. परंतु शिक्षिका तयार करण्याचे काम करीत असताना, या शिक्षिका ज्या मुलांपुढे उभ्या राहणार त्यांच्याविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक आहे, ही जाणीव त्यांना झाल्यावाचून राहिली नाही. त्याच काठियावाडात, भावनगर येथे, एक विलक्षण प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनी वकिली सोडून दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मुलांत मूल होऊन रमणारे हे गृहस्थ गुजरातेत मिशाळ आई या प्रेमाच्या नावाने ओळखले जात. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. प्राचार्यपदाच्या खुर्चीवरून उठून त्या बालमंदिरात मुलांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भावनगरात त्यांनी सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या विषयाचा प्रसार व्हावा म्हणून शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघू लागले, व १९३३ पासून ते मराठीतही निघाले. माँटेसरीबाईंची साधने, फ्रोबेलची खेळाची दृष्टी आणि आपल्याकडील गोष्टी, गाणी, सणवार व घरगुती कामे यांचा मेळ घालण्याचे अवघड काम या दोघांनी केले.

या बालमंदिरात मुले काय करीत असत, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वर्षाअखेरच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. मुले आपापली चटई अंथरीत व काम झाल्यावर गुंडाळून जागेवर ठेवीत. एका भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात न सांडता ओतणे, गुंड्या लावणे व काढणे, धान्य निवडणे, फुले रचणे, लहान केरसुणीने आपली जागा झाडणे, ही त्यांची कामे. खरखरीत व गुळगुळीत, जड व हलके, उंच स्वर व खालचा स्वर यांतील भेद ती हाताने व कानाने ओळखीत. सर्वांनी निःशब्द बसून दूरच्या पक्ष्याचा किंवा घड्याळाचा आवाज ऐकण्याचा शांतीचा खेळ त्यांना फार आवडे. नाटके होत, पण संवाद पाठ करवून घेतलेले नसत. मुलांना गोष्ट ठाऊक असे आणि ती आपल्या शब्दांत ती उभी करीत. या साऱ्यात अक्षरे व अंक यांना जागा होतीच, परंतु हात, डोळे व कान तयार झाले म्हणजे अक्षरे मागाहून आपल्या पावलांनी येतात, असा तेथील अनुभव होता.

अशा शाळेत परीक्षा कशाची घ्यावी? नंबर कोणाचा लावावा? गिजुभाई व ताराबाई यांच्या मते बक्षीस आणि शिक्षा ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. बक्षिसासाठी काम करणारे मूल बक्षीस बंद होताच काम सोडून देते, आणि ज्याला बक्षीस मिळाले नाही ते आपल्याला काहीच येत नाही असे आयुष्याच्या आरंभीच समजून चालते. म्हणून तुलनेच्या जागी त्यांनी निरीक्षण आणले. शिक्षिकेने प्रत्येक मुलाकडे लक्षपूर्वक पाहावे व त्याची नोंद ठेवावी. प्रथम आईचा पदर न सोडणारे मूल आता एकटे वर्गात येते काय? हिसकावून घेणारा मुलगा आपली पाळी येईपर्यंत थांबतो काय? पडले, सांडले, मोडले, तर ते लपवितो की स्वतः आवरतो? मुलाची तुलना करावयाची ती त्याच्याच गेल्या वर्षीच्या स्थितीशी करावी, ही ती दृष्टी होय. गिजुभाईंनी आपल्या दिवास्वप्न या पुस्तकात एका वर्गातील एका वर्षाच्या प्रयोगाची कथा रचली आहे आणि तिचा शेवट वर्षाअखेरच्या समारंभातच केला आहे. तेव्हा संमेलनाला या मंडळींचा विरोध नव्हता, हे उघड आहे. पाहुण्यांना खूष करण्यासाठी मुलांना पोपटासारखे पढवून उभे करावे, याला मात्र त्यांचा विरोध होता.

आपल्या सांगलीकडील शेतकऱ्याला हे सहज समजेल. हळद लावल्यावर आठ-नऊ महिने वर दिसतो तो केवळ पाला. खरे पीक जमिनीखाली वाढत असते. ते पाहण्याच्या उतावळेपणाने दर महिन्यास गड्डा उपटून पाहणाऱ्याच्या हाती काय लागणार? शिशुवर्गातील वर्षही असेच जमिनीखालचे असते.

ताराबाई मुंबईस परतल्या व १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. तेथे बालमंदिराबरोबरच मराठीतून बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू झाले. १९३९ साली गिजुभाई निधन पावले आणि कार्याची मोठीच धुरा ताराबाईंवर पडली. शिशुविहाराचे नाव झाले. सुशिक्षित घरांतील मुले तेथे येऊ लागली. येथवर आलेल्या कार्यकर्त्याने कृतार्थ होऊन विसावा घेतला असता तर कोणी नाव ठेवले नसते.

परंतु ताराबाईंच्या मनाला एक शल्य बोचत होते. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले ते गरिबांच्या वस्तीत. आपल्याकडे मात्र बालमंदिर हे शहरातील सुस्थित लोकांचे होऊन बसले होते. साधने महाग, जागा महाग, शिक्षिका शहरात राहणाऱ्या. खेड्यातील मजुराच्या मुलाला यातले काय मिळणार? गांधीजींनी १९३७ साली मूलोद्योगी शिक्षणाची योजना देशापुढे मांडली होती व पुढे शाळेपूर्वीच्या वयाच्या मुलांचाही विचार तिच्यात होऊ लागला होता. या विचाराने प्रेरित होऊन ताराबाईंनी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबई मागे टाकली आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. याच ठिकाणी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवयात वैधव्य आलेल्या व स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या अनुताई पुढे जन्मभर ताराबाईंच्या उजव्या हात होऊन राहिल्या.

बोर्डीस आल्यावर ताराबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही की, महागड्या साधनांचा हव्यास सोडला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शंखशिंपले, झाडाखाली पडलेल्या बिया, पाने, काटक्या, खडे, माती, नारळाच्या करवंट्या, याच वस्तूंतून मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे व आकार रचणे शिकविता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ज्या साधनाला शहरात रुपये मोजावे लागत, ते गावात फुकट पडलेले होते. ते वेचण्याचे कामही मुलेच करू लागली, आणि वेचणे हाच एक धडा झाला.

तरीही खरी अडचण पुढेच होती. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली ती हरिजन व मजूर वस्तीतील मुले तेथे येईनात. आईबाप पहाटे कामावर जात. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी. अंगावर धड कपडे नाहीत, आणि गावातील स्वच्छ मुलांच्या पंगतीत बसण्याचा संकोच. कोणी दुसरा असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी दोष मुलांकडे न देता शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या व झोपड्यांपुढील अंगणातच बालवाडी भरू लागली. प्रथम पाटी-पेन्सिल नव्हे, तर पाण्याची बादली पुढे येई. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे, हाच आरंभीचा पाठ. मग गाणे, मग गोष्ट, मग शिंपल्यांचा खेळ. दारात उभ्या राहून पाहणाऱ्या आयांनाही नकळत शिक्षण मिळे. अंगणात भरणारी म्हणून या शाळेस अंगणवाडी हे साधे, घरगुती नाव पडले.

१९५७ साली ताराबाईंनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. वय पासष्ट झाले होते. त्या बोर्डीजवळील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. येथील मुलांची भाषा निराळी, राहणी निराळी, आणि दारिद्र्य पराकोटीचे. पोट भरण्यासाठी लहान मुलेही गुरे राखावयास जात. ज्याच्या हाती गुरांची काठी आहे त्याने शाळेत कसे यावे? ताराबाईंनी त्यासाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत असताना शिक्षिका कुरणातच मुलांना जमवून शिकवीत. झाडे, पक्षी, दगड, ऋतू हेच पुस्तक झाले. दुसरी अडचण होती ती भावंडे सांभाळणाऱ्या मुलींची. तिच्यासाठी विकासवाडीची योजना झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि आजवर दाई होऊन राहिलेली मोठी बहीण वर्गात, अशी ही सोय होती. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत न सापडणारी ही युक्ती मुलांच्या घरात डोकावून पाहणाऱ्यालाच सुचू शकते.

या कार्याबद्दल भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण या पदवीने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत तसेच पुढे चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारने लहान मुलांचे पोषण, आरोग्य व शिक्षण यांसाठी देशव्यापी योजना सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या पायाभरणीचे म्हणून मानले आहे. एका वस्तीच्या अंगणात जे रोप लागले, त्याची सावली आता केवढी पसरली आहे!

आपल्या कृष्णाकाठी असे कार्य अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मग्राम. त्याच जिल्ह्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व सर्व जातींच्या गरीब मुलांना एकत्र राहून शिकण्याची सोय केली. भाऊरावांनी मोठ्या मुलांसाठी जे केले तेच ताराबाईंनी शिशूंसाठी केले. परिस्थिती आड येते म्हणून मुलाला सोडून न देता, त्या परिस्थितीतच शिक्षणाची वाट त्यांनी काढली. आजही गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडणीची कुटुंबे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत येतात. फडाजवळच्या कोप्यांतून त्यांची चिमुकली मुले आपण पाहतो. त्यांच्यासाठी साखरशाळा भरविण्याचे प्रयत्न झाले ते कुरणशाळेच्याच वाटेने होय. तथापि अजूनही कित्येक मुलांचे शालेय वर्ष हंगामाबरोबर मोडते. आपल्या शिशुवर्गात तोरणे लागतात त्याच दिवसांत ही मुले बैलगाडीत वा ट्रॅक्टरमागे सामानावर बसून गावी परतत असतात. त्यांचे संमेलन कोणी केले, त्यांची नोंद कोणी ठेवली, हा विचार ताराबाईंचे चरित्र वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांची धाकटी भावंडे आज शिशुवर्गात आहेत. ती घरी येऊन जे गाणे म्हणतात ते हसण्यावारी न नेता ऐका, आणि त्यांना स्वतःच्या हाताने चपला घालू द्या, जरी त्यास वेळ लागला तरी. सुटीत तुमच्या वस्तीत शाळेवाचून राहिलेले एखादे मूल आढळले तर त्याला अंगणात बसवून एक गोष्ट सांगण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. आणि पालकहो, या वर्षीच्या संमेलनात आपले मूल दोन ओळी विसरले किंवा शेजारच्या मुलास टाळ्या अधिक मिळाल्या, तर खंत करू नका. जून महिन्यात दाराशी रडत उभे राहिलेले ते मूल आज इतक्या लोकांसमोर निर्भयपणे उभे राहिले, आपली वस्तू जागेवर ठेवू लागले, दुसऱ्यास खाऊतला वाटा देऊ लागले, ही त्याच्या वर्षाची खरी कमाई आहे. ती प्रगतिपुस्तकात कदाचित मावणार नाही, पण लक्षपूर्वक पाहणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांना ती दिसल्यावाचून राहत नाही. तसे पाहण्यास महाराष्ट्राला ज्यांनी शिकविले, त्या ताराबाई मोडक यांचे ऋण आपण सर्वांनी स्मरणात ठेवावे.